देवाच्या घरचे: दुरावा, समेट आणि नातेवाईक यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नाशिक आणि आसपासच्या मंडळ्यांतून येत राहतात. काही शरणपूर रोडच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांतले आहेत, काही नाशिकरोडच्या कॅथलिक कुटुंबांतले, काही निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्यांचे. काही जण तर आपल्या घरात एकटेच ख्रिस्ती आहेत. नावं काढली आहेत, एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरात आधी शास्त्रातली गोष्ट आणि मग आमचं मत, असा साधारण क्रम आहे. मत पटलं नाही तर सोडून द्या, गोष्ट मात्र मूळ अध्यायात जाऊन वाचा.

1. 'देवाचं कुटुंब' म्हणजे नक्की कोण? सगळीच माणसं देवाची लेकरं नाहीत का?

शास्त्रात दोन्ही बोलणी आहेत. अथेन्समध्ये परक्या श्रोत्यांपुढे बोलताना पौल सगळ्या मानवजातीला देवाचा वंश म्हणतो (प्रेषितांची कृत्ये 17). योहानाच्या पहिल्या अध्यायात मात्र ख्रिस्ताचा स्वीकार करणाऱ्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार दिला, असं म्हटलं आहे. पहिल्या अर्थाने शेजारीपाजारी सगळे आले, दुसऱ्या अर्थाने विश्वासाने जोडलेले. दुसरा अर्थ सांगून पहिला पुसायला गेलं की माणूस शेजाऱ्याशी तुसडा वागू लागतो. या पानावर 'कुटुंब' बहुतेक ठिकाणी दुसऱ्या अर्थाने आलं आहे.

2. आमचं घराणं चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे, बाप्तिस्म्याचा दाखला आहे. मग मी आपोआप या कुटुंबात आलोच ना?

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक नेमकं हेच म्हणत आले होते: आमचा बाप अब्राहाम आहे. तो म्हणाला, देव या धोंड्यांपासूनही अब्राहामाला मुलं उत्पन्न करू शकतो (मत्तय 3). घराण्याचा वारसा मोलाचा असतो. आजीने पाठ करून घेतलेलं स्तोत्र पुढे अडीअडचणीला आठवतं. पण आजीचा विश्वास तुमच्या नावावर चढत नाही.

3. मी मूळचा ख्रिस्ती नाही. बाप्तिस्म्याला बरीच वर्षं झाली, तरी मंडळीत मला 'नवीन' म्हणूनच ओळखतात. मी आतला की बाहेरचा?

आतले. हे तुम्हाला धीर द्यायला म्हणत नाही, शास्त्रच तसं सांगतं.

रूथ मवाबी होती. अनुवाद 23 मध्ये मवाब्याला देवाच्या मंडळीत घेऊ नये, दहाव्या पिढीलाही नाही, असा स्पष्ट नियम आहे. तरी ती सासूबरोबर, नामीबरोबर, बेथलेहेमला आली, बवाजाची बायको झाली आणि दावीद राजाची पणजी ठरली. मत्तयाने येशूची वंशावळ लिहिली तेव्हा तिचं नाव लपवलं नाही, उलट मुद्दाम घातलं. गंमत म्हणजे रूथच्या पुस्तकात लोक शेवटपर्यंत तिला 'मवाबी रूथ' म्हणतात. म्हणजे 'नवीन' म्हणून ओळखण्याची खोड जुनी आहे.

यरुशलेमच्या मंदिरात परजातीयांसाठी, म्हणजे यहूदी नसलेल्यांसाठी, एका ठरावीक कठड्यापर्यंतच वाट होती. 1871 मध्ये त्या कठड्यावरचा ग्रीक शिलालेख सापडला. आत शिरणाऱ्या परक्याने आपल्या मरणाला आपणच जबाबदार राहावं, असा त्याचा आशय आहे. तो दगड आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मधली आडभिंत पाडली गेल्याचं येतं, तेव्हा ही व्यवस्था वाचणाऱ्यांना ठाऊक असणार. त्याच अध्यायात पुढे, तुम्ही आता परके आणि उपरे नाही, देवाच्या घरचे आहात, असं म्हटलं आहे. रोमकरांस पत्रात पौल दत्तकपणाची भाषा वापरतो. रोमन कायद्यात दत्तक मुलाला पूर्ण वारसाहक्क मिळे, हे त्याच्या वाचकांना समजावून सांगावं लागत नव्हतं.

आणि नाशिकच्या मंडळीने तर हे विसरूच नये. एकोणिसाव्या शतकात शरणपूरच्या मिशनच्या वसाहतीत गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं राहत, शिकत. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतल्या शोधयात्रेत गेला. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत पायी वाहून आणणाऱ्यांत तो होता आणि 1874 मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला त्याचाही हात होता. ज्या मुलांचे आईबाप, गाव, भाषा सगळं हिरावलं गेलं होतं त्यांना या शहरातल्या मंडळीने आपलं म्हटलं. तिथे आज बाप्तिस्मा झालेल्या माणसाला कोणी 'नवीन' म्हणावं याचं नवल वाटतं.

4. सगळे एकाच मंडळीतले, पण लग्नाच्या बैठकीत जात निघतेच. याला काही आधार आहे का?

नाही. अंत्युखियात पेत्र परजातीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही यहूदी विश्वासणारे आले आणि तो त्या पंगतीतून हळूच उठला. पौलाने सर्वांदेखत त्याला तोंडावर सुनावलं (गलती 2). पेत्राने शिकवणीत काही बदल केला नव्हता, फक्त पंगत बदलली होती. पौलाला तेवढंच सुवार्तेच्या विरुद्ध वाटलं. तसंच यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जाऊ लागलं, तेव्हा प्रेषितांनी सात माणसं नेमली. त्या सातांची नावं ग्रीक आहेत (कृत्ये 6). ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती वाटप.

2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. तो इतिहास आपण दुसऱ्यांचा म्हणून वाचतो. आपल्या मंडळीतलं दार उघडं असतं हे खरं, पण स्थळ बघताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न आपणही विचारतोच.

5. बायबलमधली कुटुंबं इतकी भांडकुदळ का? आदर्श घर एकही नाही?

जवळजवळ नाहीच. पहिल्याच दोन भावांत खून होतो (उत्पत्ती 4) आणि त्या दोघांचा समेट कधी होत नाही. लिहिणाऱ्यांनी आपल्या पूर्वजांची अब्रू झाकली नाही, म्हणूनच या गोष्टी उपयोगी पडतात.

6. भावाशी समेट झाला. आता पुन्हा एकत्र राहायलाच हवं का? नातेवाईक म्हणतात, नाहीतर समेट कसला?

याकोबाने एसावाचा आशीर्वाद फसवून घेतला आणि तो मामाकडे, लाबानाकडे पळाला. तिथे 20 वर्षं गेली. परत निघाला तेव्हा एसाव 400 माणसं घेऊन येतोय अशी बातमी आली. याकोबाची गाळण उडाली. त्याने भेट म्हणून पुढे जनावरं धाडली: 200 शेळ्या, 20 बोकड, 200 मेंढ्या, 20 एडके, 30 दुभत्या सांडण्या पिलांसकट, 40 गाई, 10 बैल, शिवाय गाढवं. तीही एकदम नाहीत, टप्प्याटप्प्याने, म्हणजे भावाचा राग वाटेतच निवळावा. मग स्वतः सात वेळा जमिनीपर्यंत वाकला. एसाव धावत आला, गळ्यात पडला आणि दोघे रडले (उत्पत्ती 32–33).

इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं मात्र प्रवचनात सहसा येत नाही. एसाव म्हणाला, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणाला, मुलं लहान आहेत, गुरं थकली आहेत, तुम्ही पुढे व्हा, मी सेईरला येतोच. एसाव सेईरला गेला. याकोब सुक्कोथला गेला आणि तिथे घर बांधून राहिला.

याकोबाने इथेही थाप मारली की शहाणपण केलं, यावर आमच्यातच वाद आहेत. पण शास्त्र त्या समेटाला खोटं ठरवत नाही. पुढे इसहाक वारला तेव्हा दोघांनी मिळून त्याला मूठमाती दिली (उत्पत्ती 35). वेगळी चूल मांडून राहा, पण बापाच्या मातीला एकत्र या, हाही समेटच आहे. बरीच घरं एकाच ओट्यावर दोन सुनांना उभं करून समेट सिद्ध करायला बघतात आणि सहा महिन्यांत पुन्हा मोडतात.

7. मी क्षमा केली आहे, पण विश्वास बसत नाही. म्हणजे माझी क्षमा खोटी का?

खोटी नाही. योसेफाची गोष्ट सावकाश वाचा (उत्पत्ती 37 ते 50). सतराव्या वर्षी भावांनी त्याला चांदीच्या 20 नाण्यांना विकलं. साधारण 22 वर्षांनी तेच भाऊ धान्यासाठी त्याच्यापुढे उभे राहिले. त्याने त्यांना ओळखलं, पण ओळख दिली नाही. तो कडक बोलला, त्यांना तीन दिवस कोंडलं, शिमोनाला ठेवून घेतलं आणि धाकट्याला आणा म्हणाला. मधूनमधून बाजूला जाऊन रडलाही. सूडच घ्यायचा असता तर एका शब्दाचं काम होतं. तो बघत होता की ही माणसं बदलली आहेत का.

शेवटची पारख बन्यामिनाच्या गोणीत सापडलेल्या प्याल्याची होती. पुन्हा एक लाडका धाकटा भाऊ, पुन्हा त्याला टाकून घरी जायची संधी. तेव्हा यहूदा पुढे झाला आणि म्हणाला, मुलाच्या जागी मला गुलाम ठेवा. योसेफाला विकायची कल्पना याच यहूदाची होती. ते ऐकल्यावर मात्र योसेफाला आवरेना.

क्षमा तुमच्या एकट्याच्या हातात असते. विश्वासाला समोरच्याची वागणूक लागते आणि वेळही लागतो. याची उलट बाजूही तिथेच आहे. भाऊ मिसरात येऊन 17 वर्षं सुखाने राहिले, पण बाप वारल्याबरोबर घाबरले: आता हा उट्टं काढणार. ते ऐकून योसेफ पुन्हा रडला. क्षमा मिळालेल्यालाही ती खरी वाटायला वर्षं लागतात. ज्यांनी चूक केली होती आणि आता 'अजून किती दिवस असं बघणार?' असं विचारतात, त्यांनीही हे उत्तर वाचावं. जिथे मारहाण किंवा अत्याचार आहे, तिथे प्र. 13 आधी पाहा.

8. भाऊ घरी परत आलाय, पण वडील त्याच्याशी बोलत नाहीत. 'घरात घेतलं ना, अजून काय?' म्हणतात.

त्यांना 2 शमुवेल 13 ते 18 वाचायला द्या. दावीद राजाचा मुलगा अम्नोन याने आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला. दावीद संतापला, पण केलं काहीच नाही. दोन वर्षांनी तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला मारलं आणि गशूरला पळून तीन वर्षं राहिला. सेनापती यवाबाने खटपट करून त्याला परत आणवलं, पण राजाचा हुकूम होता: तो माझ्या नजरेस पडता कामा नये. दोन वर्षं बापलेक एकाच शहरात, भेट नाही. शेवटी अबशालोमाने यवाबाचं सातूचं शेत पेटवून लक्ष वेधून घेतलं. मग राजाने त्याचं चुंबन घेतलं, पण मधल्या कशाचाही हिशेब झाला नाही. तामारेचं तर कोणी नावही काढलं नाही. पुढचं बंड तिथून निघालं.

आमच्या मते अर्धवट समेट उघड भांडणाहून जास्त घातक ठरतो, कारण बाहेरून सगळं मिटलेलं दिसतं. आणि ज्या माणसावर मूळ अन्याय झाला, तिला बाजूला ठेवून पुरुषांनी आपसात मिटवलेलं टिकत नाही.

9. द्राक्षबागेच्या वाटणीवरून भावाभावांत कोर्ट चालू आहे. पाळकांनी मध्यस्थी करावी का? बहिणीने हिस्सा मागणं ख्रिस्ती रीतीत बसतं का?

एकाने येशूलाच सांगितलं, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. येशूने न्यायाधीश व्हायला साफ नकार दिला आणि लोभापासून जपा असं दोघांनाही लागू पडणारं बोलला (लूक 12). त्यामुळे पाळकांनी सातबारा मागवून कोणाचे किती गुंठे हे ठरवत बसू नये, असं आम्हाला वाटतं. त्यासाठी वकील आणि मोजणीवाले आहेत. दोघांना एका खोलीत बसवण्याचं काम मात्र पाळकांचंच आहे. विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर फिर्यादी करण्याबद्दल पौलाने करिंथकरांना झाडलं आहे (1 करिंथ 6), तेही विसरू नये.

वाटणी हेच पाप, असं मात्र समजू नका. अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांत कुरबुरी होऊ लागल्या, तेव्हा थोरल्या अब्राहामाने पुतण्याला आधी निवडू दिलं. लोटाने यार्देनेकाठचं पाणथळ रान उचललं (उत्पत्ती 13). पुढच्याच अध्यायात लोट कैद झाला, तर हाच काका 318 माणसं घेऊन सोडवायला धावला.

बहिणीबद्दल: सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभं राहून बापाचं वतन मागितलं आणि परमेश्वराने त्यांचं म्हणणं रास्त ठरवलं (गणना 27). तिथे बापाला मुलगा नव्हता, हे खरं. पण आज भारतातल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांच्यात भेद करत नाही. हक्कसोडपत्रावर सही घेण्यासाठी बहिणीला वचनं ऐकवणं बंद करा.

10. भावाशी बोलणं बंद आहे. प्रभुभोजन घेऊ का?

मत्तय 5 मध्ये येशू म्हणतो, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जा, भावाशी समेट कर. तिथे 'भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर' असं आहे, म्हणजे पहिलं पाऊल ज्याच्यावर राग आहे त्याने टाकायचं. तुम्ही प्रामाणिकपणे गेलात आणि त्याने दार लावलं, तर तुम्ही मेजापासून लांब राहावं असं आम्हाला वाटत नाही. रोमकरांस पत्र 12 मध्ये 'तुमच्याकडून होईल तितकं' अशी मर्यादा घातलेली आहे.

11. ख्रिस्ती झाल्यावर घरच्यांनी संबंध तोडले. येशूच 'तलवार आणायला आलो' म्हणतो, मग हे असंच व्हायचं का?

मत्तय 10 मधलं ते बोलणं काय होईल याची सूचना आहे. घर मोडा अशी आज्ञा त्यात नाही. खुद्द येशूचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते (योहान 7). त्याचं डोकं फिरलंय म्हणून घरचे त्याला धरायला आले होते (मार्क 3). आई-भाऊ बाहेर उभे आहेत असं कळल्यावर त्याने सभोवती बसलेल्यांकडे बघून हेच माझे आई-भाऊ म्हटलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. वधस्तंभावरून त्याने आईची सोय लावली, आणि पुनरुत्थानानंतर माडीवर प्रार्थना करणाऱ्यांत त्याची आई आणि भाऊही आहेत (कृत्ये 1). भाऊ याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला आल्या त्या आपलं सोवळं आणि वेगळा स्वयंपाक सांभाळतच. टिळकांनी ते चालू दिलं. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. सगळ्यांच्या घरी शेवट असा होईलच असं नाही. तरी घाई न करण्याचा धडा घेता येतो.

12. वडील हिंदू होते. दशक्रिया विधी रामकुंडावर आहे. मी जाऊ का?

जा. इसहाक आणि इश्माएल या अब्राहामाच्या मुलांचे रस्ते लहानपणीच वेगळे झाले होते, तरी अब्राहामाला मकपेलाच्या गुहेत दोघांनी मिळून पुरलं (उत्पत्ती 25). कोणत्या विधीत हात लावायचा आणि कुठे नुसतं उभं राहायचं, हा तुमच्या विवेकाचा भाग आहे आणि मंडळ्यांची मतंही निरनिराळी आहेत. अरामी सेनापती नामानाने अलीशा संदेष्ट्याला अशीच अडचण सांगितली होती: धन्याबरोबर रिम्मोनाच्या देवळात जावं लागतं, वाकावं लागतं. अलीशाने व्याख्यान दिलं नाही, 'शांतीने जा' म्हणाला (2 राजे 5). भावाला आदल्या दिवशीच स्पष्ट सांगा की काय कराल आणि काय नाही. घाटावर ऐन वेळी वाद नको.

13. नवरा मारतो. मंडळीतल्या वडीलधाऱ्या बाया म्हणतात, क्षमा कर आणि परत जा.

परत जाऊ नका. शौल राजाने दावीदावर भाला फेकला, दावीद पळाला. पुढे दोनदा शौल त्याच्या हाती सापडला, दोनदा त्याने सोडून दिलं, म्हणजे सूड घेतला नाही. शौल रडला, चुकलो म्हणाला, माझ्या मुला परत ये म्हणाला. दावीद परत गेला नाही (1 शमुवेल 24 आणि 26). क्षमा करूनही अंतर ठेवता येतं. तातडीला 112, महिलांसाठी 181, आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तुमच्यासाठीच आहे.

14. आम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे), जावई कॅथलिक. एकाच कुटुंबातले म्हणवतो, मग वेद्या वेगळ्या का?

कारण ताटातूट खरी आहे आणि ती अजून पूर्ण मिटलेली नाही. थोडी मिटली आहे: 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा निरनिराळ्या चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्चही मान्य करतं, त्यामुळे जावयाचा पुन्हा बाप्तिस्मा करा असा हट्ट कोणीच धरू नये. ख्रिस्तशरीर (मिस्सात दिली जाणारी भाकर) स्वीकारण्याचा कॅथलिक नियम मात्र वेगळा आहे. मिस्साला गेलात तर तो पाळा, रांगेत घुसून ऐक्य होत नाही. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला मात्र दोघे मिळून जायला कोणाची हरकत नाही.

15. आमची मंडळी फुटली. दोन्ही गट म्हणतात, देव आमच्या बाजूला. खरं कोणाचं?

नाव-गाव माहीत असल्याशिवाय सांगता येणार नाही आणि माहीत असतं तरी इथे सांगितलं नसतं. रहबाम राजाच्या वेळी इस्राएलचं राज्य फुटलं, तेव्हा दोन्हीकडचं चुकलं होतं. रहबामाने कर हलके करायला नकार दिला आणि फुटलेल्या गटाचा राजा यराबाम याने लोक यरुशलेमकडे परत जाऊ नयेत म्हणून सोन्याची वासरं उभी केली (1 राजे 12). पौल आणि बर्णबा यांचं मार्क या सोबत्यावरून इतकं बिनसलं की ते दोन दिशांना गेले (कृत्ये 15). कोण बरोबर, हे कृत्ये लिहिणारा लूक सांगतच नाही. पण तुरुंगातून पौल शेवटी लिहितो: मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे (2 तीमथ्य 4). निदान दुसऱ्या गटाच्या मयताला जायचं थांबवू नका.

16. आम्ही आयुष्यभर मंडळीत राबलो. दारू पिऊन सगळं उडवलेला माणूस परत आला, तर त्याचाच सत्कार. हे कसं?

लूक 15 मधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतला थोरला मुलगा हेच म्हणतो, तोही तुमच्यासारखाच शेतातून दमून आलेला. तो भावाला 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. बाप उत्तरात 'हा तुझा भाऊ' म्हणतो आणि सांगतो, माझं जे आहे ते सर्व तुझंच आहे. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलं नाही. तुमच्या तक्रारीत तथ्य आहे, राबणाऱ्यांचे आभार मानायला आपल्या मंडळ्या विसरतात. सत्कार मात्र परत आलेल्याला स्टेजवर साक्ष द्यायला लावून करू नये. त्याला आधी जेवू घाला.

17. ज्याच्याशी समेट करायचा होता तो माणूस वारला. आता?

दावीद वेशीवरच्या माडीवर, बंडात मारल्या गेलेल्या अबशालोमासाठी रडला आणि त्याला काही उत्तर मिळालं नाही. शास्त्राने ते तसंच ठेवलं आहे, आम्हीही त्यावर मलमपट्टी करणार नाही. देवापुढे कबूल करा, एखाद्या विश्वासू माणसाजवळ बोला, कॅथलिक असाल तर पापनिवेदन आहे. त्या माणसाची मुलं-बाळं असतील तर त्यांच्याकडे जा. जमीन किंवा पैसे देणं राहिलं असेल तर ते त्यांना द्या.

18. व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर माफी मागितली तर चालेल का?

मत्तय 18 मध्ये क्रम दिला आहे: आधी दोघंच एकांतात, मग एक-दोन जण घेऊन, मग मंडळी. ग्रुप तिसऱ्या पायरीत मोडतो. अपमान ग्रुपवर केला असेल तर माफीही तिथे मागा, पण आधी फोन करून किंवा घरी जाऊन या. मेसेज वाचून उत्तर आलं नाही, तर रोज नवा मेसेज टाकू नका. पुढे काय, यासाठी प्र. 7 आणि 10 पाहा.